कालचा डबा आज कुठे पोचला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ ४२ वर्षांचे, राहायला सिंहगड रस्त्यावर, नोकरी हिंजवडीत. सकाळी सातला घर सोडतात, रात्री साडेनऊला परत येतात, जेवण दहाच्या पुढे. चार वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी आणि दोन वर्षांपासून रोज रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण चालू आहे. तरी झोपल्यावर छातीत जळजळतं, दुपारनंतर पोट फुगतं आणि सकाळी दोन-तीनदा जाऊनही ‘साफ झाल्यासारखं वाटत नाही’. रक्ततपासणी, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी सगळं नॉर्मल. आता कुणीतरी २१ दिवसांचं आतडी धुण्याचं पॅकेज सुचवलंय. ते घ्यावं का, आणि पचन मुळात चालतं कसं, असे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: नको. दुसऱ्याला वेळ लागेल, पण ते नीट कळलं की ‘नको’ का म्हटलं ते वेगळं सांगावं लागणार नाही.

पोटाच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं मी पुण्यात पंचवीसेक वर्षं बघतोय. पेठेतले आजोबा असोत नाहीतर वाकडमधला इंजिनिअर, ‘डॉक्टर, पोट साफ होत नाही’ हे वाक्य ठरलेलं. त्यामागे मनात एक चित्र असतं. पोट म्हणजे ड्रेनेजची लाइन, ती रोज सकाळी रिकामी झाली पाहिजे, नाहीतर घाण तुंबून अंगात भिनणार. हे चित्र डोक्यातून काढा. पचन वेळापत्रकावर चालतं, आणि तुमच्या बहुतेक तक्रारी वेळ चुकल्याच्या आहेत.

तुमचा सोमवारचा डबा घेऊ. दुपारी एक वाजता दोन पोळ्या, मेथीची भाजी, वरण-भात, ताक.

तोंडात तो घास फार तर मिनिटभर असतो, पण या सगळ्या प्रवासातला तुमच्या हातात असलेला टप्पा जवळजवळ एवढाच. पोळीचा तुकडा बराच वेळ चावत राहिलात तर गोडसर लागायला लागतो. लाळेतलं एन्झाइम पिठाची साखर करायला लागलेलं असतं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ सुटते, ती याच कामासाठी. एकदा गिळलं की तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचा कारभार आतड्याच्या भिंतीतलं स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं बघतं. त्यात दहा कोटींहून जास्त पेशी आहेत. तो डब्बा ढकलायला तुम्हाला काही करावं लागत नाही, आणि मध्ये हात घालून फारसं काही सुधारताही येत नाही.

अन्ननलिका, साधारण २५ सेंटिमीटर, काही सेकंदांत पार. खालच्या टोकाला एक झडप. तिच्याबद्दल थोड्या वेळाने.

मग जठर. इथे आम्ल इतकं तीव्र असतं की त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. जठर ते सगळं घुसळून पातळ करतं आणि पुढच्या दाराने थोडं थोडं सोडतं. साधं जेवण बाहेर पडायला दोन ते चार तास लागतात. भात लवकर सुटतो, तेल-तूप-चीज जितकं जास्त तितका मुक्काम लांबतो. म्हणजे एकचा डबा चार-पाचच्या सुमारास पुढे गेला. तुमचं रात्री साडेदहाचं जेवण, त्यातही पनीर आणि बटर नान मागवलेला दिवस असला तर, पहाटे दोन-अडीचपर्यंत जठरातच आहे. आणि तुम्ही अकराला आडवे. उभं असताना आम्ल खाली राहायला गुरुत्वाकर्षणाची मदत असते, आडवं झालं की सगळी भिस्त त्या झडपेवर. भरलेलं जठर, ढिली झडप आणि पाठीवर पडलेला माणूस, एवढं जुळलं की जळजळ होणारच. तुमच्या एन्डोस्कोपीत काही सापडलं नाही यात नवल नाही. घोटाळा घड्याळात आहे आणि घड्याळ कॅमेऱ्यात दिसत नाही.

इथे एक पुणेरी विषयांतर. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून आपली इतकी चेष्टा होते, पण त्या विश्रांतीला आपण जो शब्द वापरतो तो बघा: वामकुक्षी. डावी कूस. जठराचा मोठा फुगवटा डाव्या बाजूला असतो, त्यामुळे डाव्या कुशीवर झोपलं की आम्लाची पातळी अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहते. उजव्या कुशीवर किंवा पाठीवर तसं होत नाही. रात्री जळजळणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा-आठ इंच उचलायला सांगतो. नुसत्या दोन उशा घेऊ नका. त्याने मान वाकते आणि पोट दाबलं जातं.

जठराचं काम माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी नीट पाहिलं ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला जठरापर्यंत जाणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून रेशमी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि पुढे १८३३ मध्ये ते सगळं छापलं. त्याने आणखी एक टिपलं होतं: तो तरुण चिडला की पचनावर परिणाम होतो. चांदणी चौकात तासभर अडकून घरी आलेल्या माणसाला हे सांगायला दोनशे वर्षांपूर्वीचा पुरावा लागत नाही, पण आहे.

आता ‘पित्त’. मराठीत या एका शब्दाने डॉक्टरांचा जेवढा वेळ खाल्लाय तेवढा कुठल्याच आजाराने नसेल. छातीत जळजळलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या आणि आजीने आमसुलाचं पाणी चोळलं, तेही पित्त. अर्धं डोकं ठणकतंय, उजेड सहन होत नाही, उलटी झाल्यावर बरं वाटलं, तेही पित्तच. यातलं पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी ॲलर्जी, तिसरी बहुतेक वेळा मायग्रेन. मायग्रेनवर दहा-दहा वर्षं ॲसिडिटीची गोळी घेतलेल्या बायका मी कितीतरी पाहिल्यात. आणि शरीरशास्त्रातलं खरं पित्त या तिन्हींहून वेगळं. ते यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण पाऊण लिटर, पित्ताशयात थोडं साठतं, आणि तेलकट-तुपकट अन्न लहान आतड्यात आलं की तिथे सुटतं. तुपाच्या पातेल्यावर भांड्यांचा साबण जे करतो तेच ते करतं, चरबीचे बारीक थेंब. शौचाचा पिवळा-तपकिरी रंग त्याच्यामुळे. तो रंग जाऊन शी गणपतीच्या शाडूसारखी पांढुरकी व्हायला लागली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर पित्ताची वाट अडली आहे असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तुमची गोळी आम्लावरची आहे. ती वाईट नाही. अल्सरच्या पेशंटचे जीव तिने वाचवलेत. पण तुम्ही ती साडेसहाला घेता, सातला निघता आणि पोटात पहिला घास दहाला पडतो. ही गोळी जठरातले आम्लाचे पंप बंद करते, आणि पंप चालू होतात ते खाल्ल्यावर. म्हणून ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खायचं असतं. ‘उपाशीपोटी’ एवढंच तुमच्या लक्षात राहिलं, पुढचं अर्धं वाक्य गळलं. चार वर्षं गोळीचा निम्मा उपयोग वाया गेला म्हणायचा.

दुसरी बाजूही बघा. आम्ल हा पचनाचा दरवान आहे. ते सतत दाबून ठेवलं की अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही, लोह कमी शोषलं जातं आणि आतड्यांच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शाकाहारी माणसाचं बी-१२ आधीच काठावर असतं. तुमच्या रिपोर्टांत बी-१२ केलेलं दिसत नाही, ते एकदा बघा. गोळी मात्र उद्यापासून एकदम बंद करू नका. इतके दिवस दाबलेले पंप जोरात उसळतात, पंधरा-वीस दिवस पूर्वीपेक्षा जास्त जळजळतं आणि माणूस ‘बघा, गोळीशिवाय चालत नाही’ म्हणून परत तिथेच येतो. आधी जेवणाची वेळ सुधारा, मग गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून एक दिवसाआड करत उतरवा. रक्त पातळ करणारी किंवा सांधेदुखीची औषधं चालू असतील तर हा निर्णय स्वतः घ्यायचाच नाही.

डब्याकडे परत. संध्याकाळ होईतो तो लहान आतड्यात आहे. खरं पचन इथेच होतं. जवळपास सहा मीटर लांबी, आतून मखमलीसारखे अंकुर, आणि दर तीन ते पाच दिवसांनी अस्तराच्या पेशी नव्या. एवढी जागा रोज स्वतःला कात टाकल्यासारखी बदलत असताना तिला बाहेरून ‘धुण्याची’ भाषा ऐकली की मला हसू येतं. तुम्ही प्यालेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून इथे रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि त्यातला बहुतेक इथेच परत शोषला जातो. शौचावाटे जातं ते एखादी वाटीभर पाणी. म्हणूनच जुलाबात माणूस इतक्या झपाट्याने सुकतो. साखर आणि मीठ आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि पाण्याला आत ओढतात, जुलाब चालू असतानासुद्धा. मेडिकलमधल्या ओआरएसच्या पुडीचं सारं मर्म इतकंच. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ मोजूनच घाला, ‘चवीपुरतं’ नको.

लहान आतड्याची एक खोड फार लोकांना माहीत नसते. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून एक लाट निघते आणि उरलेसुरले कण, जंतू, चिकट द्रव झाडत झाडत मोठ्या आतड्यापर्यंत जाते. पोटात कावळे ओरडतात ना, त्यातला बराचसा आवाज या झाडूचा. आणि काहीही खाल्लं की ही झाडलोट तिथेच थांबते. आता तुमचा दिवस बघा: दहाला चहा-खारी, साडेअकराला बिस्कीट, एकला डबा, तीनला चहा, साडेचारला कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक, सहाला चहा-वेफर्स, साडेदहाला जेवण. झाडूवाल्याला दिवसभर दारातूनच परत पाठवताय. दुपारनंतरच्या फुगण्याचं एक कारण हे असणार. दोन खाण्यांत साडेतीन-चार तास मोकळे सोडा. साधं पाणी चालतं.

संध्याकाळी सात-आठच्या सुमारास डब्याचा उरलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो. पोळी-भाताची साखर झाली, वरणातलं प्रथिन गेलं, उरला मेथीचा आणि कोंड्याचा तंतू, म्हणजे फायबर. दीड मीटरच्या या आतड्यात तो एक दिवस, कधी दोन दिवस काढतो. म्हणजे मंगळवारी सकाळी तुम्ही जे सोडता त्यात सोमवारी रात्रीचं जेवण नसतंच. असलं तर रविवारची मिसळ असेल. ‘रात्री तिखट खाल्लं आणि सकाळी लगेच बाहेर’ हे खरं वाटतं, पण खाण्यामुळे मोठं आतडं ढकलायला लागतं आणि आधीचा माल पुढे सरकतो, इतकंच.

त्या दीड दिवसात तंतू वाया जात नाही. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात ती मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहेत. आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम चालतं. बाटलीतले तयार जिवाणू विकत घेण्यापेक्षा आहेत त्यांना जेवू घालणं स्वस्त पडतं. आंबताना गॅस होतो, तो व्हायलाच हवा. दिवसातून दहा-पंधरा वेळा सरणं हे निरोगी माणसाचं लक्षण आहे, भले लिफ्टमध्ये अवघड वाटो. कडधान्याने फारच होत असेल तर भिजवून, मोड आणून, भिजवलेलं पाणी टाकून शिजवा. आपली उसळ उगाच दोन दिवस आधीपासून ठरत नाही.

आता चूर्ण. मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्याल्यावर त्याच्या मोठ्या ढकल-लाटा येतात, दिवसातून दोन-तीनदाच. चहा घेतला की ‘होते’ म्हणणाऱ्यांचं बरोबरच आहे. तुम्ही मात्र ती लाट येण्याच्या वेळी बसमध्ये असता. दाबलेली कळ निघून जाते, पाणी शोषलं जाऊन खडा होतो, आणि मग चूर्ण. अशा बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला टोचून दोन दिवसांचा साठा एकाच वेळी बाहेर काढते. साठा गेल्यावर दुसऱ्या दिवशी काही नसणं साहजिकच आहे. पण तुम्हाला वाटतं परत बद्धकोष्ठ झालं, म्हणून परत चूर्ण. हे चक्र तुम्ही दोन वर्षं फिरवताय. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाला होऊ शकतं. मऊ, सलग, फार जोर न लावता होत असेल तर दिवस मोजू नका.

आणि ‘साफ वाटत नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन बसणं हा स्वतंत्र घोळ आहे. गुदाशय रिकामा असला तरी जोर लावलात की त्याचं अस्तर खाली उतरतं आणि मेंदूला ‘अजून आहे’ असाच निरोप जातो. शौचात पाण्याखालोखाल मोठा वाटा जिवाणूंचाच असतो, चार दिवस उपाशी राहिलात तरी ते बनतच राहतं. ‘पूर्ण रिकामं’ असं काही नसतं. पाच-सात मिनिटांत उठा आणि मोबाइल बाहेर ठेवा. मूळव्याधीच्या निम्म्या तक्रारी त्या मोबाइलच्या वाटेने येतात असं माझं मत आहे, सिद्ध करता येणार नाही. कमोडवर बसताना पायाखाली सात-आठ इंचाचं स्टूल घ्या, जुना पाट असेल तर तो ठेवा. उकिडवं बसल्यासारखं झालं की गुदाशयाचा बाक सरळ होतो.

खाण्याचं फार सांगत नाही, कारण तुम्हाला माहीत आहे. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतो. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम मिळतो, साबुदाण्यात जवळजवळ शून्य. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ केल्यावर द्वादशीला पोट का रुसतं ते यावरून कळेल. रात्री भाकरी, रोज एक पालेभाजी, बियांसकट पेरू, मोसमात पुरंदरची अंजिरं. तंतू हळूहळू वाढवा, आठवड्याभरात दुप्पट केलात तर फुगून मलाच शिव्या द्याल. चूर्णाऐवजी दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यात घालून लगेच प्या. कमी पाण्यात घेतलं तर तेच अडकून बसतं.

सिंहगड रस्ता म्हणालात म्हणून पाण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये तुमच्याच भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीच्या बाजूला, गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. पुढे शहर-जिल्ह्यात दोनशेवर संशयित रुग्ण झाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. आधी साधे जुलाब होतात. त्या जंतूशी लढायला बनलेली प्रतिकारद्रव्यं काहींच्या बाबतीत स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि पायापासून ताकद जायला लागते. जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पायात मुंग्या, जिना चढताना गुडघे लुळे पडणं असं काही झालं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत थांबायचं नाही. टँकरचं पाणी असेल तर खळखळून उकळा, चिकन आतपर्यंत शिजवा. आणि दरवानाला रोज गोळीने झोपवणाऱ्याने जास्तच जपा.

आणखी काही गोष्टींत मी स्वतः थांबलो नसतो: शौचातून रक्त, डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), घास अडकणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रोज संध्याकाळी येणारा बारीक ताप. शेवटच्यात आपल्याकडे आतड्याचा क्षयही निघतो. आणि चालताना, जिना चढताना छातीत दाटलं, घाम आला, हात-जबडा भरून आला, तर ओवा-सोडा घेत बसू नका, तडक ईसीजी काढा. ‘गॅस’ समजून घरी थांबलेले हार्टॲटॅक मी पाहिलेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सहा आठवडे एवढंच करा. सकाळी वीस मिनिटं आधी उठून घरीच नाश्ता-चहा आणि त्यानंतर निवांत पाच मिनिटं. गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. रात्रीचं मुख्य जेवण ऑफिसातच साडेसात-आठला दुसऱ्या डब्यातून, घरी आल्यावर लागलीच तर वाटीभर ताक-भात. चूर्ण बंद. पहिले चार-पाच दिवस काहीच होणार नाही, घाबरून डबी उघडू नका. शनिवार-रविवारीही वेळ तीच ठेवा, आतड्याला वीकेंड कळत नाही. वजन आजच करून कागदावर लिहा, आणि सहा आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा करा. प्रयत्न न करता तीन-चार किलो घटलेलं दिसलं तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवून भेटायला या. मग नॉर्मल रिपोर्टसुद्धा मी पुन्हा करायला लावीन.